झाड आडवं येतंय: भावकीतल्या वादी-प्रतिवादींसाठी उपयुक्त सूचना

शहरात शेजाऱ्याचं झाड आडवं येतं म्हणजे त्यामागे समुद्र, टेकडी, गेला बाजार एखादा तलाव तरी दडलेला असतो. काटेवाडीत यातलं काही नाही. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना ऊस, आणि ऊस कुठल्याही गच्चीवरून बघा, ऊसच दिसतो. तरी आमच्याकडे झाडं आडवी येतात, त्यावरून अबोले होतात आणि लग्नपत्रिकेवरची 'समस्त भावकी' ही ओळ अडचणीत येते. या विषयाचं पद्धतशीर शिक्षण कुठेच मिळत नसल्यामुळे नवखे लोक एकदम कुऱ्हाड घेऊन निघतात आणि पहिल्याच दिवशी प्रकरण संपवून बसतात. वाद कसा, नातवंडांच्या हाती सुस्थितीत सोपवता आला पाहिजे. त्यासाठी हा प्रपंच. खाली ज्या अण्णांचा उल्लेख येईल ते माझ्या वडिलांचे, म्हणजे दादांचे, चुलत भाऊ. झाड म्हणजे आमच्या अंगणातला कडुनिंब. साम्य आढळल्यास तो योगायोग नाही.

नियम १. आधी दृश्य ठरवावं.

'काय दिसत नाही?' हा पहिला प्रश्न विचारला जातो आणि बरेच दावे इथेच कोसळतात. अण्णा या बाबतीत भाग्यवान. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरला निघते तेव्हा दुपारच्या विसाव्याला काटेवाडीत थांबते. परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या पालखीच्या रथाभोवती अशा पळतात की धुरळ्यात रथ कुठला नि मेंढी कुठली कळत नाही. रस्त्यावर मुंगीला जागा नसते, म्हणून गच्ची लागते. अण्णांच्या गच्चीवरून हे सगळं दिसायचं, आणि आता रथाच्या जागी आमचा लिंब दिसतो, असं त्यांच्या अर्जात लिहिलंय. अर्जाला देव जोडता आला तर जरूर जोडावा. प्रतिवादीला एकदम नास्तिक ठरवता येतं.

आता रिंगण चालतं थोडा वेळ, वर्षातून एकदा. उरलेलं वर्ष अण्णा गच्चीवर काय पाहतात, हा प्रश्न अर्जात नाही आणि प्रतिवादीने तो काढावा. अण्णा कारखान्यात स्लिपबॉय होते. कुणाचा ऊस किती, लागण कधीची, तोड कधी येणार, हे सगळ्या शिवाराचं त्यांच्या वहीत. नोकरी सुटली, वही सुटली, सवय राहिली. आमच्या दारात कुणाची मोटारसायकल लागली, दळणाचे डबे किती गेले, दुकानदार उधारीला आला की पत्रिका द्यायला, याची नोंद त्यांना लागते. लिंबाने नेमकं तेच झाकलंय. पूर्वी 'काल पाहुणे होते वाटतं' असं ते ठामपणे म्हणत. आता 'काल पाहुणे होते का रं?' असं विचारावं लागतं. माणसाला यातना होतात त्या इथे.

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या चिमणीचा धूर दिसायचा आणि गाळप सुरू झाल्याचं घरबसल्या कळायचं, हा त्यांचा पूरक दावा आहे. त्यात मी पडत नाही.

नियम २. कायदा वाचू नये. वाचल्यास मोठ्याने वाचू नये.

वादीसाठी कायद्यात फारसं समाधान नाही. १८८२चा भारतीय सुखाधिकार अधिनियम असं म्हणतो की इमारतीला वीस वर्षं बिनबोभाट मिळालेला उजेड आणि हवा हा हक्क होऊ शकतो. उजेड आणि हवा, देखावा नाही. आणि तोही इमारतीला, खिडक्या-झरोक्यांना. उघड्या जागेवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही, हे त्याच कायद्यात पुढे लिहिलंय. गच्चीएवढी उघडी जागा दुसरी कुठली?

ही मेख इंग्रजांची. १६१० साली विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या गृहस्थाने शेजाऱ्यावर दावा लावला, कारण शेजाऱ्याने त्याच्या घराला लागून डुकरांचा गोठा बांधला होता. कोर्टाने सांगितलं की दुर्गंधीबद्दल दाद मिळेल, अडलेल्या उजेडाबद्दलही मिळेल. पण समोरचा देखावा ही हौसेची गोष्ट, गरजेची नाही, तिच्यासाठी दावा चालणार नाही. चारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डुकरांमुळे आज अण्णांना मेंढ्या दिसत नाहीत. त्याच इंग्रजांनी पुढे २००३ साली दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाने शेजाऱ्याचा उजेड अडला तर नगरपरिषदेकडे तक्रार करायची सोय केली. तीसुद्धा कुंपणाला. एकट्या उभ्या लिंबाला तिथेही हात लावता येत नाही.

झाड तोडायचंच म्हटलं तर ग्रामीण भागाला १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, मोह, चंदन अशी सोळा नावं आहेत आणि ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मालक असलात तरी लागते. बारामती शहरात नगरपरिषदेची हद्द लागली की १९७५चा वेगळा कायदा, आणि तिथे पन्नास वर्षांवरच्या झाडाला २०२१पासून वारसा वृक्षाचा मान. सोळा जणांच्या यादीत कडुनिंबाचं नाव नाही. अण्णा हा लेख वाचत असतील तर मागचं वाक्य त्यांनी सोडून द्यावं.

नियम ३. मोजणी मागवण्याआधी स्वतःचा शोषखड्डा कुठे आहे ते पाहून यावं.

बुंधा ज्याच्या हद्दीत, झाड त्याचं, हे सगळ्यांना मान्य असतं. हद्द कुठे, हे कुणालाच मान्य नसतं. मग भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज जातो, फी भरली जाते, नोटिसा निघतात, भूकरमापक येतो, आणि बुंध्याबद्दल एक वाक्य बोलण्याआधी वादीच्या संडासाचा शोषखड्डा, न्हाणीची मोरी किंवा वडिलोपार्जित गोठ्याची एक भिंत प्रतिवादीच्या जागेत निघते. मोजणीने झाडाचा प्रश्न सुटल्याचं मी ऐकलेलं नाही. नवे प्रश्न मात्र दर्जेदार मिळतात.

शेतातल्या बांधावरच्या झाडाची गोष्ट निराळी. तिथे नजरेचा प्रश्नच नसतो, तिथे सावली आडवी येते. झाडाच्या पडछायेतला ऊस बारीक राहतो, फुटवे कमी धरतो, वरून मुळं पाणी ओढतात ती वेगळीच. त्या तक्रारीत खरोखर टनेज असतं. बांधावरची झाडं ई-पीक पाहणीत ज्याने त्याने नोंदवून ठेवावीत. हे मी विनोदाने सांगत नाही.

नियम ४. अर्ज.

१५ ऑगस्ट २००७ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या आल्या. अर्ज द्यायचा तो यांच्याकडे. कल्पना उत्तम. अडचण एवढीच की समितीतल्या प्रत्येकाला वादीकडेही चहा प्यावा लागतो आणि प्रतिवादीकडेही, आणि आमच्या आईचा चहा अण्णांकडच्यापेक्षा बरा असतो.

'वर ओळख' सांगू नये. काटेवाडीत ती सगळ्यांचीच असते, त्यामुळे वजन पडत नाही.

नियम ५. झाडाला देवत्व द्यावं (फक्त प्रतिवादींसाठी).

हा जुना आणि खात्रीचा उपाय. बुंध्याशी एक गोल दगड ठेवावा. आठवड्याने त्याला शेंदूर लावावा. अमावास्येला नारळ. दोन-तीन महिन्यांत वादीची सूनच तिथे उदबत्ती लावून जाते आणि खटला निकालात निघतो. उंबर असेल तर दगडाचीही गरज नाही, दत्तगुरू आधीच तिथे असतात. वड-पिंपळाला हात लावायला तर कुऱ्हाडवाला मजूरच मिळत नाही. आम्ही हा उपाय केला नाही, कारण दादांना ते लबाडीचं वाटलं. आता दगड ठेवायला गेलो तर अण्णा ओळखतील. त्यांच्या नजरेतून दगड सुटत नाही, फक्त रथ सुटतो.

वादीपक्षाकडे उलट बाजूचा उपाय म्हणून हिंग सांगितला जातो: बुंध्याला भोक पाडून हिंग भरला की झाड वाळतं म्हणे. हिंगाचा भाव पाहता तो आमटीत घालावा. लिंब मुळापासून पुन्हा फुटतो आणि दोन्ही घरांचं बोलणं मात्र कायमचं वाळतं.

नियम ६. छाटणी.

इथे थोडं गंभीर व्हावं लागेल, कारण बहुतेक लिंब या ठिकाणी मारले जातात.

शेंडा मारू नये. अण्णांचा आग्रह शेंड्याचा होता: 'वरनं चार हात काढ, बास.' लिंबाचा शेंडा मारला की तिथून झुबकेच्या झुबके फुटतात आणि दोन पावसाळ्यांत आधी विरळ होतं तिथे भिंत उभी राहते. पलीकडचं दिसायला हवं असेल तर विरळणी करावी: एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाळक्या फांद्या काढाव्यात. एका खेपेला चौथाईपेक्षा जास्त घेऊ नये. जाड फांदी कापताना आधी खालून खाच घ्यावी, मग थोडं पुढे सरकून वरून करवत चालवावी, म्हणजे फांदी पडताना बुंध्याची साल ओरबाडून नेत नाही. उरलेला खुंट नंतर काढायचा, पण खोडाला अगदी चाटून नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर भाग राहू द्यावा, जखम तिथूनच भरून येते. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावायची असेल तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी घमेल्यात नाही. इंदापूरकडच्या डाळिंबवाल्यांना हे झोपेत विचारलं तरी सांगतील. वेळ पानगळीनंतरची, पाडव्याच्या आधीची. वैशाखात गेलात तर कावळिणीचं घरटं निघतं आणि ती कुणाची बाजू बरोबर हे न विचारता डोक्यात चोच मारते.

आमच्याकडे हे काम पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला येणारा वायरमन करतो. तो वर चढला की खाली दोन्ही पक्ष उभे. अण्णा म्हणतात 'ती डावीकडची घे', दादा म्हणतात 'डावीला तार कुठंय?' वायरमन दोघांचं ऐकून उजवीकडची तोडतो.

नियम ७. पालापाचोळा पहाटे झाडावा. ज्याचा खराटा आधी उठतो, त्याचा पाला शेजारी जातो.

नियम ८. प्रमाण सांभाळावं.

हा नियम मी कुणाला उद्देशून लिहीत नाही, पण लिहितो. पाटसपासून तोंडले-बोंडल्यापर्यंत पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं. रस्ता उत्तम झाला, गाड्या पळतात, वाऱ्याला मागे टाकतात. त्या रुंदीकरणात रस्त्याकडेची किती जुनी झाडं गेली! वारकरी ज्यांच्याखाली भाकरी सोडायचे, पाय पसरायचे, ती झाडं. तेव्हा आडवं उभं राहायला कुणी गच्चीवरून खाली उतरलं नाही. अण्णा नाही, दादा नाही, मीही नाही. आणि आता उन्हात तापलेल्या डांबरावरून येणारी दिंडी सावली शोधत आमच्या गल्लीत वळते आणि सरळ त्या एका वादग्रस्त लिंबाखाली बसते. त्यांना पाणी द्यायला अण्णांची बायको, आमची काकू, आधी धावते. कळशी तिची, सावली आमची. ही नोंद कुठल्या अर्जात करायची?

नियम ९. दाव्याला बाध न आणणारे व्यवहार.

पुढील देवाणघेवाण वाद चालू असतानाही करता येते: पाडव्याला गुढीसाठी लिंबाची डहाळी (अण्णांचा नातू पहाटे सहालाच येतो, आणि 'आजोबांनी सांगितलंय, कोवळी द्या' असं म्हणतो), प्रसादाच्या चटणीसाठी पाला, गोवर आलेल्या पोराच्या अंथरुणात घालायला पाला, धान्याच्या कणगीत घालायला वाळका पाला. दुखऱ्या गुडघ्याला शेकायला पाल्याचं पाणी, तेही चालतं; गेल्या थंडीपासून अण्णांचा डावा गुडघा जिना चढायला नको म्हणतो. गच्चीवर जाणं कमी झालंय. अंगणात खुर्ची टाकतात, उन्हं कलली की ती लिंबाच्या सावलीत सरकवत सरकवत आमच्या हद्दीत आणतात. मोजणीदार बोलावण्याचा विचार आम्ही तूर्त सोडलाय.

नियम १०. पालखीच्या दिवसाची बैठकव्यवस्था.

नवख्या प्रतिवादींच्या हे लक्षात येत नाही की झाड त्यांच्याही आड येतं. आमच्या ओट्यावरून रिंगण दिसणं तर सोडाच, टाळसुद्धा पाल्यातून गाळून ऐकू येतात. सबब त्या दिवशी प्रतिवादीने सहकुटुंब वादीच्या गच्चीवर जावं. वर अण्णांच्या लेकी-जावई आलेले असतात, गर्दी असते, पण दादांना खुर्ची मिळते, कारण ते मोठे. मेंढ्या सुटल्या की सगळे कठड्याकडे धावतात. दादा टाचा उंच करतात, मान इकडून तिकडे करतात आणि गेल्या आषाढात ते सगळ्यांदेखत म्हणाले, "च्यायला, ह्या लिंबानं काय दिसंना बघ."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, खिशातून पानाचा डबा काढला आणि काकूला म्हणाले, "ह्यास्नी चहा टाक. साखर जास्त घाल."