ठरल्याप्रमाणे

पाऊस आला म्हणून सहल रद्द करणारी माणसं निराळी आणि पाऊस आला म्हणून सहल बदलणारी निराळी. आमचे भाऊजी या दुसऱ्या पंथाचे. हा पंथ हल्ली जोरात आहे. दारात मोठी गाडी आली, टपावर कॅरिअर चढलं आणि ऑनलाइन मागवलेला तंबू घरपोच आला की कुणाही सद्गृहस्थाला दीक्षा मिळते. एरवी हा माणूस सोसायटीचा खजिनदार असतो.

सहलीच्या महिनाभर आधी 'काजवे आणि कॅम्पिंग' नावाचा ग्रुप निघतो आणि त्यात तक्ता पडतो. पुण्याहून प्रस्थान ५.३०. नारायणगाव ७.४५, मिसळ, २० मिनिटं. आळेफाटा, आईंचे गुडघे मोकळे करणे, ७ मिनिटं. आईंना, म्हणजे त्यांच्या सासूबाईंना, तिसरी तर्री वाढून हवी असेल तर त्याची तरतूद तक्त्यात नाही.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचा हंगाम मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. वळवाच्या सरी येऊन गेल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं उजळतात. मोसमी पावसानं जोर धरला की खेळ संपला. म्हणजे पाऊस पडायला हवा, पण पडत राहायला नको. हा मुहूर्त भाऊजींनी बरोबर काढलेला होता. ढगांना तेवढी तक्त्याची प्रत गेली नव्हती.

आदल्या दिवशी हवामान खात्यानं जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट दिला. ताईनं फोन त्यांच्यापुढे धरला.

"अगं, अलर्ट जिल्ह्याला आहे," भाऊजी म्हणाले. "आणि जिल्हा कुठला? अहिल्यानगर. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा. पडेल कुठेतरी श्रीगोंद्याकडे."

भंडारदऱ्याशेजारच्या घाटघरला याच जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते तक्त्यात बसत नव्हतं.

तंबू 'चार माणसांचा' होता. कुठल्या देशातली चार माणसं, हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. जलाशयाच्या काठी मुरमात खुंट्या ठोकायला भाऊजींनी दगड घेतला आणि बरोबर त्याच वेळी कळसूबाईच्या बाजूनं आभाळ काळं झालं. पुढच्या अर्ध्या तासात पाणी वरून आलं, बाजूनं आलं आणि शेवटी तंबूच्या तळातून आलं. वरचं कापड वाऱ्यानं शेजारच्या तंबूवर नेऊन घातलं. शेजारचे भाऊजीही आपल्या लोकांना काहीतरी समजावूनच सांगत होते.

खरा भाऊजी इथे ओळखावा. तो हरत नाही, ग्रुपचं नाव बदलतो. आधी ते 'शेंडी होमस्टे' झालं. काजव्यांच्या शनिवारी शेंडीत खोली मागणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात पार्किंग मागणं. मग ते 'रतनवाडी – अमृतेश्वर' झालं. "हेमाडपंती मंदिर आहे, पावसात बघण्यात वेगळीच मजा." अंधारात, छत्रीखालून, मंदिर आहे एवढं समजलं. रात्री बाराच्या सुमाराला ग्रुपचं नाव 'साई दर्शन' झालं. राजूर, अकोले, संगमनेर करत शंभरेक किलोमीटरवर शिर्डी. उत्तर महाराष्ट्रात बिघडलेल्या सहली शेवटी तिथेच जातात.

या सगळ्यात एक काजवा गाडीत शिरला. मुलं ओरडली. भाऊजींनी दिवा विझवायला लावला, दोन मिनिटं सगळे गप्प बसलो, आणि मग त्यांनी मोबाइल काढून तक्त्यात 'काजवे'समोर बरोबरची खूण केली.

मध्येच कधीतरी ताईनं डिकीतल्या पिशवीच्या तळातून कोरडे टॉवेल, आईंची शाल आणि दशम्या काढल्या. त्या तक्त्यात कुठेच नव्हत्या. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका हवामान खात्याकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त बघून सामान भरतात.

भाऊजींची चेष्टा करावी तेवढी थोडी; पण त्या चिखलात आईंचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत आणणारेही तेच होते. स्वतः नखशिखांत भिजलेले, तरी सांगत होते, "आई, सावकाश या. आपल्याकडे वेळ आहे." तेवढ्यापुरता तक्ता त्यांनी खिशात ठेवला होता.

पहाटे शिर्डीत काकड आरती ऐकू आली, तेव्हा आईंनी डोळे मिटून हात जोडले. भाऊजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघितलंस? आईंना कधीचं यायचं होतं. ठरल्याप्रमाणे झालं सगळं."

सोमवारी ऑफिसात त्यांनी 'सहकुटुंब शिर्डी, वाटेत काजवे' असंच सांगितलं म्हणे. आता ग्रुपचं नाव 'कास पठार, सप्टेंबर' आहे आणि तक्ता आलेला आहे. तुमच्या घरात असे कुणी असतील तर त्यांच्या गाडीत खुशाल बसा, फक्त निघण्याआधी तुमच्या ताईच्या पिशवीत टॉवेल आहेत की नाहीत ते पाहून घ्या.