सुरक्षित परदेशगमन

परदेशी निघालेल्यांना सल्ले पुष्कळ मिळतात. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा, पैसे आतल्या खिशात ठेवा, अनोळखी माणसाशी बोलू नका, रात्री हिंडू नका. हे सगळे तंतोतंत पाळणारा प्रवासी आमच्या माहितीत एकच, आणि तो शहापूर तालुक्यातला आहे: तानसाचे पाणी. १८९२ साली धरण झाले तेव्हापासून ते मुंबईला जाते आणि वाटेत कुणाशी चकार शब्द बोलत नाही.

बंदोबस्तही पाहण्यासारखा. धरणावर पहारा, पुढचा प्रवास बंद जलवाहिनीतून. मुंबईत या वाहिन्यांच्या दुतर्फा दहा मीटरपर्यंत झोपडी नको, असा उच्च न्यायालयाचा २००९ सालचा आदेश. इतके संरक्षण मंत्र्यांनाही नसते (आणि त्यांना पळवून तरी कोणाची तहान भागणार?). तालुक्यातल्या पाड्यांचे सहकार्य तर अनुकरणीय आहे. उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत रांगेत बसतात, पण प्रवाशाच्या अंगाला हात लावत नाहीत.

सबब, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक नागरिकाला यापुढे पोलादी नळातूनच रवाना करावे. व्हिसा व्हॉल्व्हवर तपासता येईल.

मुंबईत सुखरूप पोहोचल्यावर या पाण्यातला मोठा हिस्सा दरवर्षी बेपत्ता होतो. गळती आणि चोरी, असे महापालिकाच सांगते. तरी तपास तातडीने सुरू व्हावा, आणि पहिल्या टप्प्यात शहापूरच्या पाड्यांवरचे हंडे-कळश्या जप्त कराव्यात.