पाच सेंटीमीटरचा प्रश्न

पुण्याहून शहापूरला आलेल्या भाच्याने बॅगेतून नाकिरी काढली. जपानी भाजीची सुरी. पातं पाच सेंटीमीटर उंच. "पातं उंच असलं की बोटांची पेरं बोर्डावर आपटत नाहीत, मामी. शिवाय चिरलेलं पात्यावरच उचलून कढईत टाकता येतं." सांतोकू सुरी घ्यावी की नाकिरी, यात त्याचे तीन महिने गेले होते. (लग्न दोन भेटींत ठरलं.) मामीने पावशी, म्हणजे पुणेकरांची विळी, पायाखाली दाबली. तिच्यात पातं हलत नाही, भाजी हलते. पेरं आपटायला खाली बोर्डच नसतो. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात पडल्या. भाचा अजून बोर्ड शोधत होता. शेवटी पोळपाट सापडला.

"त्याले हात नको लावू," मामी म्हणाली.