सात गडवे आणि अठरा किलोमीटर

आमचा भाचा श्रावणात अमेरिकेहून आला तो तीन आठवड्यांची रजा आणि एक कल्पना घेऊन. रजेचं काही नाही, ती संपते.

तिकडे नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ नावाची जत्रा भरते. 1986 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठी काही मंडळींनी लाकडाचा पुतळा जाळला. 1990 पासून हे प्रकरण वाळवंटात गेलं. आता सत्तरेक हजार माणसं तंबू ठोकून राहतात. विकत म्हणून बर्फच काय तो मिळतो, बाकी जो तो दुसऱ्याला फुकट देतो. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्यानं वाजवावीत अशी अवाढव्य वाद्यं उभारतात. “मामा, तिथं प्रेक्षक कोणीच नसतो!” भाचा म्हणाला.

2023 साली तिथं पाऊस पडला. क्षारांच्या मातीचा चिखल झाला, माणसं अडकली आणि जगभर बातमी छापून आली. मी दर्यापूरकडचा, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. पावसाळाभर चपलेखाली शेरभर काळी माती घेऊन शाळेत गेलो. माझी बातमी कुठंच आली नाही.

“तसं वाजतं काहीतरी आपल्याकडं करू.”

“वाळवंट कुठून आणू बे?”

“वाळवंट नको मामा. माणसं पाहिजेत.”

माणसं म्हटल्यावर मला अकोल्याची कावड आठवली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अनवाणी चालायचं आणि जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला वाहायचं. वाट सुमारे 18 किलोमीटरची, प्रथा 1944 पासूनची. मोठ्या मंडळांच्या कावडीला शेकडो भरणे, म्हणजे पाण्याचे गडवे, बांधलेले असतात. आम्ही ठरवलं, आपले सातच. सा रे ग म प ध नी.

जलतरंगाचं शास्त्र सोपं आहे. भांड्यात पाणी जास्त तर सूर खाली, पाणी कमी तर सूर वर. अमरावतीत भाच्यानं एकसारखे सात गडवे निवडले, प्रत्येकाला टिचकी मारून, डोळे मिटून. दुकानदार पाहतच राहिला. “साहेब, मडकं वाजवून घेतेत. गडवा नाही.” मग बांबू आला, सुतळी आली. प्रत्येक गडव्याला एक सेन्सर, सेन्सरला वायर, वायरीला बॅटरी आणि स्पीकर. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, “कावड हाय का टेलिफोन एक्स्चेंज?”

अमरावती ते अकोला हा रस्ता साधासुधा नाही. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनेस बुकात नाव नोंदवलं गेलं. आधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा, पंचवीसेक किलोमीटरचा. आम्हीही विक्रमाच्या जवळ गेलो. शंभरेक किलोमीटरला सहा तास. दर दहा किलोमीटरवर उतरून भाचा सूर तपासायचा आणि मी भजी.

रात्री गांधीग्रामला पोचलो. नदीकाठी ढोल, दिवे आणि “हर्र बोला महादेव!” भाच्यानं मोजपट्टी लावून गडव्यांत पाणी भरलं. सातवा भरताना पाय घसरला आणि बॅटरी पूर्णामाईला अर्पण झाली. स्पीकर वगारीसारखा एकदाच ओरडला आणि कायमचा गप्प झाला.

“जाऊ दे,” मी म्हणालो, “काडीनं वाजव.”

काडीनं सुरेख वाजत होतं. भाचा वाटेत प्रत्येकाला काडी पुढं करायचा. एक आजी थांबल्या. त्यांनी गडव्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

“वाजवा ना आजी, छान वाजते.”

“देवाच्या पाण्याले काडी मारू काय बाप्पा?”

पहाटेपर्यंत एकानंही काडी घेतली नाही. भाच्याचं तोंड उतरलं. मात्र चार पावलं झाली की कोणी अनोळखी पोरगा बाजूला यायचा, “सरका काका, खांदा द्या,” म्हणायचा आणि कावड उचलून घ्यायचा. त्याचा दम गेला की दुसरा. रस्त्याच्या कडेला कोणी चहा देत होतं, कोणी उसळ, कोणी केळी. पैसे कुठंच नाहीत. भाचा माझ्याकडं पाहायचा; मी केळ सोलायचो.

चालीच्या हिसक्यानं पाणी सांडत होतं आणि जसं सांडेल तसा सूर चढत होता. अकोल्याच्या वेशीवर भाच्यानं काडी मारून पाहिली. “मामा, सा हरवला!” सगळंच सप्तक वर सरकलं होतं. चार पट्ट्या वर गेलेली ती कावड कोणाच्या खांद्यावर आहे हेही आता आम्हाला कळत नव्हतं. गर्दीत दूरवर बांबू तेवढा दिसायचा.

मंदिराच्या दाराशी ती आमच्याकडं परत आली. नेणारा पोरगा नाव न सांगता ढोलामागं पळाला. उरलेलं पाणी पिंडीवर घातलं तेव्हा भाच्याचा खांदा लाल झाला होता, तळपायाला फोड आले होते, आणि तो पुढच्या वर्षीच्या रजेचा हिशोब करत होता.

घरी येऊन त्यानं शेवटची तपासणी केली. रिकामे झाल्यावर सातही गडवे एकाच सुरात वाजतात.