आशिया, मार्गे अ‍ॅमस्टरडॅम

युरोपात पाय ठेवून चार-सहा जेवणं ब्रेड-चीजवर निघाली, की ‘एशियन’ ही पाटी दिसताच मराठी प्रवाशाचा जीव भांड्यात पडतो. आशिया म्हणजे शेवटी आपलाच खंड, आत भात तरी मिळेल, असा त्यामागचा हिशेब. भात मिळतोही. पण त्या भाताबरोबर काय यावं हे ठरवायचा अधिकार आशियाकडे उरलेला नसतो. त्या देशाची जहाजं कधीकाळी कुठल्या बंदराला लागली, कुठल्या वसाहतीतून माणसं परत आली आणि तिथल्या गिऱ्हाइकाची जीभ किती तिखट सोसते, यावर ते ठरतं.

डोंबिवलीच्या एका जोडप्याने या विषयाचा अभ्यास आपण होऊन केला नाही, तो त्यांच्या गळ्यात पडला. मामा मूळचे सावंतवाडीचे, बँकेतून निवृत्त झालेले, मासे-कोंबडी सगळं चालणारे. मामी पुण्याच्या माहेरवाशीण, पूर्ण शाकाहारी, पर्समध्ये मेतकूट आणि लसणीची चटणी बाळगणाऱ्या. भाचा उट्रेख्तला नोकरीला. विमानतळावरून घरी नेताना त्याने जाहीर केलं, “मामी, आज बाहेर जेवू. चायनीज.”

हॉलंडमधलं जुन्या वळणाचं चायनीज हॉटेल बाहेरून फसवत नाही. लाल कंदील असतात, काचेच्या टाकीत सोनेरी मासे असतात, दारावर ड्रॅगन असतो. मेनूकार्ड उघडलं की चीन मावळतो. नासी गोरेंग, बामी गोरेंग, साते, गाडो-गाडो, सगळा इंडोनेशिया. याचं कारण राजकीय आहे. १९४५ साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, ते मान्य करायला डचांनी १९४९ चा डिसेंबर उजाडू दिला. त्या सुमारास तिकडून परतलेल्या सैनिकांना आणि कुटुंबांना तिथल्या भाताची चटक लागलेली होती. हॉलंडातल्या चिनी खानावळवाल्यांनी हे गिऱ्हाईक ओळखलं आणि आपल्या कार्डात शेजारचा देश घुसवला. त्यातून ‘चिनी-इंडोनेशियन’ नावाचं जे प्रकरण उभं राहिलं, ते धड चीनचं नाही आणि धड इंडोनेशियाचंही नाही. ते इतकं डच झालं, की २०२१ मध्ये डचांनी ही हॉटेलसंस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीतच घालून टाकली.

या हॉटेलांचा मानाचा पदार्थ म्हणजे बाबी पांगांग. डुकराच्या मांसाचे तुकडे आणि वर आंबटगोड लाल रस्सा. मामींनी नाव ऐकून हात जोडले. त्यांच्यासाठी गाडो-गाडो आलं, म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि त्यावर शेंगदाण्याचा दाट रस्सा. मामींनी पहिल्याच घासाला निकाल दिला, “कूट चांगलं आहे, पण साखर कोणी ओतली?” मग टेबलावर एक इवलीशी वाटी आली, लालभडक. साम्बाल. इथे प्रत्येक ऑर्डरीबरोबर ‘साम्बाल हवं का?’ विचारायची रीतच आहे. मामींचे डोळे चमकले, चमचा गेला, आणि तेवढ्यात भाच्याने चौकशी करून बातमी आणली की या जातीच्या साम्बालमध्ये आंबवलेल्या कोळंबीचा गोळा घालतात.

“म्हणजे ही चटणी नव्हे, जवळा आहे,” मामी म्हणाल्या.

“मग इकडे सरकव,” मामा म्हणाले. त्यांचं जेवण तिथून पुढे सुरळीत झालं.

दुसऱ्या संध्याकाळी रैस्टताफल, म्हणजे भाताचं टेबल. मधोमध भात आणि भोवती पंधरा-वीस वाट्या: मांसाचं रेंडांग, नारळाच्या दुधातल्या भाज्या, तळलेलं टेम्पे, साते, लोणचं, कोळंबीचे पापड. वसाहतीच्या काळात जावातल्या बड्या हॉटेलांत हे जेवण वाढायला वाढप्यांची रांग लागे, प्रत्येकाच्या हाती एकेक पदार्थ, आणि साहेब बसल्या जागी पान भरून घेई. स्वतंत्र इंडोनेशियाने हा थाट मोडीत काढला. आज तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये टिकून आहे, फक्त वाढप्यांची रांग जाऊन मेणबत्तीवर तापणारी पितळी शेगडी आली आहे. मामींना मात्र यात नवल वाटलं नाही. चटण्या, कोशिंबिरी, भाज्या, मध्ये भाताची मूद. पंगतीच्या पानात डावं-उजवं नीट मांडलेलं असतं आणि इथे सगळी खिचडी करून ठेवली आहे, एवढीच त्यांची तक्रार. टेम्पे त्यांनी दोनदा मागून घेतलं. सोयाबीन आंबवून करतात म्हटल्यावर कृती लिहून घ्यायला पेनही काढलं.

डच माणूस आशियाला घरात घेतो तेव्हा शक्यतो आधी तळून घेतो. स्टेशनाजवळच्या एका दुकानात भिंतभर काचेचे खण असतात, आत ऊब, प्रत्येकात एकेक तळलेला जिन्नस. पैसे भरा, दार उघडा, उचला. मामांनी उचलला तो बामीस्खैफ. बाहेर पावाचा चुरा, आत ठेचून बसवलेल्या नूडल्स, आकाराने पॅटीस. नूडल्सचं पॅटीस करावं हे एखाद्या चिनी आजीला कळलं तर ती काय म्हणेल ते सांगता येत नाही, पण थंड वाऱ्यात उभं राहून खाताना ते उत्तम लागतं हे मान्य करायला हवं. शेजारच्या गाड्यावर बटाट्याचे चिप्स मिळत होते: खाली चिप्स, वर मेयोनीज, त्यावर सातेचा शेंगदाणा रस्सा, त्यावर कच्चा कांदा. या मिश्रणाला डच लोक ‘युद्ध’ म्हणतात. मामींनी युद्धातले कांदे आणि बटाटे तेवढे खाल्ले.

हॉलंडमधला खरा धक्का हेगला होता, आणि तो गोड होता. रस्त्यावरच्या साध्या दुकानावर पाटी: रोटी. आत गेल्यावर ताटात आली ती पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ रोटी, बटाट्याची पिवळी भाजी आणि शिजवलेल्या चवळीच्या लांब शेंगा. मांसाहाऱ्यासाठी वर मसाल्याचं चिकन आणि उकडलेलं अंडं. ५ जून १८७३ रोजी लल्ला रूख नावाचं जहाज कोलकात्याहून निघालेले गिरमिटिये मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला पोचलं. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या या भोजपुरी माणसांनी तिथे रोटी टिकवली, आणि १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारोंनी हॉलंड गाठलं. म्हणजे ही रोटी बिहार-उत्तर प्रदेशातून निघून, अटलांटिक दोनदा ओलांडून हेगला आलेली. गल्ल्यावरच्या बाईंशी मामी डोंबिवलीच्या हिंदीत बोलल्या, बाईंनी सरनामीत, म्हणजे सुरीनामच्या हिंदुस्तानी बोलीत, उत्तर दिलं, आणि मध्ये उभा असलेला भाचा डचमध्ये भाषांतर करू लागला तेव्हा दोघींनी त्याला गप्प बसवलं. चवळीच्या शेंगांना फोडणी कशाची, या मुद्द्यावर दोघींचं पूर्ण एकमत झालं. युरोपातला सगळ्यांत प्रामाणिक आशियाई घास कुठला असं कुणी विचारलं, तर प्रस्तुत लेखक हेगची ही रोटी सांगेल, कारण तिच्यावर कुठल्या साहेबाच्या जिभेची मर्जी राखायची वेळच आली नाही.

जर्मनीत मुक्काम थोडका होता. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात हेर्टा हॉयवर या बाईंनी ४ सप्टेंबर १९४९ रोजी सॉसेजवर टोमॅटोचा रस्सा ओतून त्यात करी पावडर घातली आणि देशाला करीवुर्स्ट मिळालं. मामांनी ते खाल्लं आणि त्यात करी शोधत राहिले. पॅरिसमध्ये मामींची चांदी झाली. तिथल्या भारतीय हॉटेलांत चीज भरलेला नान मिळतो, आणि त्यातलं चीज म्हणजे डबीतून मिळणारी मऊ त्रिकोणी वडी. पंजाबात हे कुणाला सुचलं नसतं, फ्रान्समध्ये सुचल्यावाचून राहिलं नसतं. शेजारच्या जपानी दुकानात गोमांसाच्या पातळ पट्टीत चीज गुंडाळून काडीवर भाजत होते. फ्रेंच माणसाला मोकळा सोडला, तर तो मोदकातही चीज भरील.

स्वित्झर्लंड हा मराठी सहलवाल्यांचा बालेकिल्ला. टूर कंपनीचा महाराज बरोबर असतो, तळ्याकाठी वरण-भात होतो आणि युंगफ्राऊयोखला ३४५४ मीटर उंचीवर, बाहेर बर्फ पडत असताना आत छोल्यांचा बुफे मांडलेला असतो. आपल्या मंडळींबरोबर महाराज नव्हता. त्यामुळे ती झुरिचच्या हिल्टलमध्ये गेली, जे १८९८ पासून चालू असलेलं शाकाहारी उपाहारगृह आहे. १९५१ मध्ये या घरातल्या मार्ग्रिट हिल्टल दिल्लीच्या जागतिक शाकाहार परिषदेला आल्या आणि जाताना इथले मसाले आणि पदार्थ डोक्यात घेऊन गेल्या. मामींनी तिथे पोटभर जेवून बिल पाहिलं, त्याचे रुपये केले आणि पुढचं अर्धं शहर त्या मुकाट्याने चालल्या.

मामांचं मन मात्र ‘री कासिमिर’वर बसलं होतं. नाव काश्मीरकडे बोट दाखवतं, म्हणून. आइस्क्रीममुळे आपल्याला माहीत असलेल्या मोव्हेनपिकने १९५२ मध्ये हा पदार्थ स्विस लोकांपुढे ठेवला आणि तो तिथल्या दोन पिढ्यांच्या बालपणात जाऊन बसला. मूळ कृतीत वासराचं मांस असतं. मामांनी एका साध्या खानावळीत कोंबडीचा मागवला. भाताचं कडं आलं. मध्ये साईचा पिवळसर रस्सा, त्यात कोंबडीचे तुकडे, आणि सभोवार अननस, परतलेलं केळं, पीच, शिवाय टोकावर लाल चेरी. मामा बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले.

“आधी काय खायचं? प्रसाद की जेवण?” त्यांनी विचारलं.

केळं मामींनी पळवलं. उरलेलं मामांनी संपवलं, आणि सांगायला हरकत नाही, आवडीने संपवलं.

फ्लॉरेन्सच्या चायनीज हॉटेलात पंचाईत वेगळीच. इटालियन जेवणात पहिला हप्ता भात-पास्त्याचा आणि दुसरा मांस-भाजीचा. चिनी आचाऱ्यांनी तिथे दुकान मांडलं तेव्हा कार्डही त्याच हप्त्यांत छापलं. त्यामुळे मटार घातलेला कँटनी भात आला तो एकटाच. ग्रेव्ही येईना. आजूबाजूचे इटालियन कोरडा भात काट्याने शांतपणे संपवत होते. वेटर रिकाम्या बशा गोळा करत मामांपर्यंत पोचला तेव्हा अर्धा भात बाकी होता. त्याने बशीला हात लावला, मामांनी दुसऱ्या बाजूने धरली. दोघेही हसत होते, सोडत कोणी नव्हतं. अखेर टोफूची ग्रेव्ही येईपर्यंत भात थंडगार झाला होता, पण हक्काचा होता. शेवटी तळलेलं आइस्क्रीम आलं. ते मात्र कुठल्याही हप्त्यात चाललं असतं.

लिस्बनला पोचल्यावर मामा एकदम स्थानिक असल्यागत वागू लागले. कॉफीच्या दुकानात, कॉड माशाच्या वड्यांच्या शेजारी, काचेआड समोसे. पोर्तुगीज त्यांना शामुसा म्हणतात आणि आत बहुतेक वेळा मांस असतं, म्हणून मामी काचेपाशीच थांबल्या. गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तिथली बरीच कुटुंबं लिस्बनला आली, काही थेट, काही मोझांबिकमार्गे १९७५ नंतर. एका चढावरच्या लहान गोंयकार खाणावळीत कार्डावर शाकुती, सोरपोतेल, कोळंबीची कढी आणि बिबिंका होती. म्हाताऱ्या वाढप्याने मामांचा चेहरा वाचला आणि विचारलं, “तुमी गोंयचे?”

“सावंतवाडीचे.”

“म्हणजे शेजारचे,” असं कोकणीत म्हणून तो आत गेला आणि स्वयंपाकघराला काहीतरी सांगून आला. जी शाकुती आली तिच्यात भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल, सगळं जागच्या जागी होतं, आणि मिरची इतकी होती की मामांनी रुमाल काढला. शेजारच्या टेबलावरच्या पोर्तुगीज जोडप्यालाही शाकुतीच वाढली होती, पण तिचा रंग बराच फिका होता. मामींना भात आणि भाजीची कढी मिळाली, वर बिबिंकेचे थर मोजत खायला. अंडी किती पडतात हे मात्र भाच्याने त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

शेवटच्या रात्री भाच्याने मोरारिया भागात नेलं. तिथे जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, राहत्या घरांत, चिनी कुटुंबं खाणावळी चालवतात. पाटी नाही, परवान्याचं विचारायचं नाही, सगळ्या गावाला ठाऊक. जिने चढताना मामी म्हणाल्या, “एवढं लपवून विकतात तरी काय?” विकत होते डंपलिंग, नूडल्स, लसणीवर परतलेली वांगी. आचारी झेजियांगचा, युरोपच्या दक्षिणेतले बहुतेक चिनी त्याच प्रांतातले. भाषांतराला त्याचा शाळकरी मुलगा.

मामांनी मंचुरियन मागितलं.

मुलाने बापाकडे पाहिलं, बापाने मुलाकडे. आता हा पदार्थ त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी तो १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केला, असं सांगतात: आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस नि कॉर्नफ्लॉवर. मामांनी सगळी कृती हातवाऱ्यांनी सांगितली. फ्लॉवर दाखवला, पिठात बुडवला, तळला, कढई हलवली. आचाऱ्याने गंभीरपणे ऐकलं, एक-दोन शंका विचारल्या आणि आत गेला. पंधरा मिनिटांनी बशी आली. कुरकुरीत फ्लॉवर, वर लसूण आणि भरपूर मिरची. मामींनी ती आपल्याकडे ओढून घेतली ती परत केलीच नाही.

आचारी हात पुसत बाहेर आला. त्याच्या वतीने मुलाने विचारलं, “बाबा विचारतात, चीनमध्ये हे कुठे करतात?”

“चर्चगेटला,” मामा म्हणाले.

आचाऱ्याने ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. मग मान हलवत तो मुलाला काहीतरी म्हणाला.

“ते म्हणतात, उत्तरेकडचं असणार.”