घाटात नेऊ का?

चालणारी वस्तू पारखून घ्यायची नगर जिल्ह्यात दोन नामांकित ठिकाणं आहेत. एक शहराजवळच्या वाहननगरातली व्हीआरडीई. संरक्षण खात्याची ही संस्था लष्करी वाहनं खास बांधलेल्या ट्रॅकवर चढवते, उतरवते, खडखडवते आणि मगच शेरा देते. दुसरं ठिकाण श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा बैलबाजार, दर शनिवारी भरणारा. सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा पहिल्या ठिकाणी आपली काही ओळख नव्हती. दुसऱ्या ठिकाणी हयात घालवलेले मामा मात्र घरचेच होते. त्यांना बोलावलं.

तोवर माझा जाहिरातींचा अभ्यास पुरा झाला होता. त्यावरून असं दिसलं, की जिल्ह्यातल्या यच्चयावत जुन्या गाड्या डॉक्टरांनी वापरलेल्या असतात. त्या घर ते दवाखाना एवढ्याच फिरतात, फार तर गुरुवारी शिर्डी आणि शनिवारी शिंगणापूर. ‘सिंगल हँड, शोरूम मेंटेन, एक रुपयाचं काम नाही.’ इतकी गुणाची गाडी हे लोक विकतात तरी का?

हाच प्रश्न जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने धसाला लावला. जुन्या गाडीचं खरं दुखणं फक्त विकणाऱ्याला ठाऊक. म्हणून घेणारा धास्तीपोटी सगळ्यांनाच पाडून भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून घरी जातो आणि मागे खटारे उरतात, असं त्याचं म्हणणं. हा निबंध तीन नियतकालिकांनी साभार परत केला. चौथ्याने १९७० साली छापला आणि २००१ साली अ‍ॅकरलॉफला नोबेल मिळालं. मी हे मामांना सविस्तर सांगितलं. मामांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काष्टीला आला असता तर एका शनिवारात उरकलं असतं त्याचं.”

पहिल्या गाडीपाशी पोचल्यावर मामांनी रंग बघितला नाही की सीटकव्हर. ते थेट टायरपाशी उकिडवे बसले. बैलाचं वय दातांवर ठरतं: दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. गाडीचे दात टायरवर असतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. टायरवरचे चार आकडे २३१९ असतील, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. इथे गाडी २०१६ची, मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२२चे.

“गाडी घरात असताना टायर एकटेच गावभर हिंडत होते का?” मामांनी विचारलं.

विकणारा हसला. मामांनी ब्रेकच्या पॅडलचं रबर दाखवलं. पार गुळगुळीत. मीटर मागे नेता येतो. पॅडल नेता येत नाही. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. ते तीन दारांना चिकटलं आणि चौथ्यावरून घसरून खाली पडलं. आत पत्र्यापेक्षा लांबीच जास्त. “थोडंसं टचअप आहे, साहेब.” या धंद्यात साधा ओरखडाही टचअप आणि गाडीने खाल्लेली कोलांटीही टचअपच.

दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर मामांनी हात ठेवला. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच ती सुरू करून ठेवलेली. थंड इंजिन सकाळी काय काय बोलतं ते आमच्या कानावर पडू नये म्हणून. मी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढला, तर शेवटच्या वीतभरावर वाळलेला गाळ. या गाडीने कुठल्या तरी पुरात आंघोळ केली होती.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५च्या लढाईतले पॅटन रणगाडे ठेवलेत. कोण कुठे लढला, कसा हाती लागला, सगळं पाटीवर स्वच्छ लिहिलेलं. जुन्या गाडीला अशी पाटी लावायची पद्धत नाही, म्हणून आपल्याला सीटखाली वाकावं लागतं.

पण मामांचं खरं हत्यार वेगळंच होतं. सगळं बघून झालं की ते सहज विचारायचे, “घाटात नेऊ का?” आणि नजर गाडीवर न ठेवता माणसाच्या तोंडावर ठेवायचे. पहिला म्हणाला, “घाटात कशाला? इथंच स्टँडपर्यंत चक्कर मारा की.” दुसऱ्याला तेवढ्यात फोन आला. तिसरा म्हणाला, “चला.”

निघालो पाथर्डी रस्त्याने. खिडक्या खाली, रेडिओ बंद. वाटेतला एकही खड्डा मी चुकवला नाही. सस्पेन्शन तपासायला नगरकराला वेगळा ट्रॅक लागत नाही. चांदबीबी महाल मागे पडला. करंजीच्या घाटात मामांनी एसी लावून, ऐन चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली. क्लच जळाल्याचा वास नाही, मागे निळा धूर नाही. उतारावर ब्रेक दाबला तर गाडी डावी-उजवी न ओढता सरळ उभी.

परत येऊन कागद बघितले. चेसिस नंबर आरसीशी जुळला, बँकेचा बोजा नव्हता, ई-चलान भरलेलं. जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं. गाडीवरचं बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. “त्यावर सह्या आजच,” मामा म्हणाले. मग त्यांनी बाजाराच्या सवयीने पंचाखाली हात पुढे केला. समोरच्याने मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर पुढे केला. आकडा पाच-पाच हजारांनी खाली येऊ लागला.

इतक्यात घरची मंडळी गाडी बघायला येऊन पोचली. तो म्हणाला, “छोटे मालक, बसून बघा की!” चिरंजीव स्टिअरिंगला लटकले. कन्येने खिडकीची जागा आपली म्हणून जाहीर केली. बायकोने मला विचारलं, “उद्या दसऱ्याच्या आधी मिळेल ना हो?”

त्याने मोबाईल खिशात टाकला. “हाच फायनल, साहेब.”

मामा पंचा झटकत म्हणाले, “चल, दे पैसे. त्याने आपल्याला घाटात नेऊन बघितलं.”