सुटण्याचं कलम

अग्निवीर म्हणून लागलेल्या पोराला चार वर्षांच्या आत स्वतःहून घरी यायचं असेल, तर नियम त्याला सहसा सोडत नाही. अपवाद म्हणून वरिष्ठांनी परवानगी दिलीच, तर हाती पडते ती त्याच्याच पगारातून कापलेली रक्कम आणि तिचं व्याज. सरकारचा तेवढाच वाटा बुडतो. चार वर्षं पुरी केली की दोन्ही वाटे आणि व्याज धरून सेवानिधी सुमारे ११ लाख ७१ हजार. पण तेव्हा शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम होणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. पोराने सोडायचं म्हटलं तर दंड, सरकारने सोडलं तर तो नियम!

१७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी वर्ध्याजवळच्या आमच्या पवनारात युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि चार दिवसांत ते तुरुंगात गेले. तरीही इथलं पोरगं आज फौजेत जायचं म्हणालं, तर मी त्याला अडवणार नाही. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीत, २१ हजार हातात. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घराला हे पैसे मोठेच आहेत.

माझा राग वेगळा आहे. भरती साडेसतराव्या वर्षापासून होते. पोरगं अठराच्या आतलं असेल तर कागदावर आईबापाची सही लागते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत कसं मारायचं, हे भरतीच्या अकॅडमीत रोज घोटून घेतात. सुटण्याचं कलम त्या आईबापाला कोण वाचून दाखवतं?

नौदलाची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये चिल्काच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली. तिची चार वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात, पाठोपाठ लष्कराची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं माजी सैनिकांसाठी आहेत आणि ही पोरं त्या व्याख्येत बसत नाहीत. मग राज्य सरकारने वर्ध्यात यांच्यासाठी वेगळं टेबल मांडावं. पोलीस भरतीत सवलत काय, दहावीवर गेलेल्याला बारावीचं प्रमाणपत्र कुठून मिळणार, सेवानिधी कुठे ठेवावा, हे तिथे लेखी मिळालं पाहिजे. पैसे खात्यात पडल्याचं कळताच प्लॉट विकणारे दारात उभे राहतील. टेबल त्यांच्या आधी लागायला हवं.